आम्ही ग्रुपवर नाही

गेल्या वर्षी हिंगोलीत आमच्या खालाजान अल्लाहला प्याऱ्या झाल्या. असरनंतर जनाजा उठला, मगरिबच्या आत दफनही झाले. आम्हाला कळले तिसऱ्या दिवशी, तेही पूर्णेच्या भाजीबाजारात. मेथीची जुडी हातात घेऊन उभे होतो, तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थाने सहज विचारले, "जनाजे में नै दिखे आप?"

दुपारच्या गाडीने हिंगोली गाठली. दोनेक तासांचा तर रस्ता. खालाजानचा मोठा मुलगा दारातच भेटला. रागावला नव्हता, नुसता थकलेला होता. गळ्यात पडून म्हणाला, "भाईजान, ग्रुप पे डाले थे ना. तुम ग्रुप पे नै क्या?"

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. साठी ओलांडलेले. आमच्यापैकी ज्याला खालाजाननी लहानपणी दोन वर्षे आपल्या घरी ठेवून शाळेत घातले, तो हे लिहितो आहे. बाकी जे काही लिहिले आहे ते दोघांचे आहे, वाचून दाखवून आणि भांडून ठरवलेले.

आम्ही ग्रुपवर नाही. आमच्याकडे बटणांचा फोन आहे. तो वाजतो, आम्ही उचलतो, बोलणे झाले की ठेवतो. मुलांनी दोनदा मोठा फोन आणून दिला. एक नातवाकडे गेला, दुसरा कपाटात साड्यांच्या खाली आहे.

ही नावड कुठून आली, याचा विचार हिंगोलीहून परतताना गाडीत केला. पूर्णा हे रेल्वेचे गाव. मनमाड-सिकंदराबाद लाईन इथून जाते आणि इथूनच हिंगोली-वाशीमवरून अकोल्याची लाईन फुटते, जी 2008 पर्यंत मीटरगेज होती. आमची सारी नोकरी गार्ड म्हणून याच गाड्यांवर गेली. त्या काळी ड्रायव्हर-गार्डला ड्युटीची वर्दी द्यायला कॉल बॉय यायचा. नावाला बॉय, वयाने कधी कधी आमच्याहून मोठा. ड्युटीच्या दोनेक तास आधी, रात्री दोन असोत की तीन, क्वार्टरच्या खिडकीवर काठी वाजायची. हातात कंदील, बगलेत कॉल बुक. उठून, डोळे चोळत, त्यात वेळ टाकून सही करायची. सही झाल्याशिवाय तो हलत नसे.

आज ते काम फोनच करतो. पण कॉल बॉयच्या काठीत एक गोष्ट होती. काठी वाजली नाही, तर ती रात्र आपली. विश्रांतीच्या तासांत कोणी हाक मारायची नाही, हा नियम होता आणि तो पाळलाही जायचा, कारण झोप न झालेला माणूस गाडीवर चढला तर काय होते ते सगळ्यांना ठाऊक होते. आता फोन उशाशी असतो आणि रात्र कोणाचीच नसते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला मोबाईल मिळाला, तेव्हा पहिले काही महिने आम्ही तो न वाजताही दचकून उठायचो.

बायकोचे कारण वेगळे आहे. आधी तिला फोन आवडत असे. मोठी मुलगी सासरी गेली तेव्हा एसटीडीचा पिवळा बोर्ड हीच आमची ईदगाह होती, असे ती हसत सांगते. रात्री अकरानंतर चौथाई दर लागायचा, म्हणून अकराला दहा मिनिटे असताना बूथवर रांग लागायची. काचेच्या खोक्यात उभे राहून, मीटरवरचे लाल आकडे बघत बोलायचे. तीन मिनिटांत तब्येत, सासू, पाणी, पोरं, दुआ, सगळे बसवायचे. निघताना काय काय बोलायचे ते चिठ्ठीवर लिहून न्यायचे. त्या चिठ्ठ्या तिने अजून जपल्या आहेत.

मग आमच्याच घरातल्या एका निकाहला घरच्या बायका मेहंदीच्या रात्री आपापसात बसल्या होत्या. पडदा टाकलेला, ढोलक वाजत होती. एका मुलीने फोटो काढले. वाईट हेतू नव्हता, पोरगीच ती. दुसऱ्या दिवशी ते फोटो कुणाच्या तरी स्टेटसवर होते आणि संध्याकाळपर्यंत अशा पुरुषांनी पाहिले होते ज्यांची नावेही आम्हाला माहीत नाहीत. ज्यांचे फोटो होते त्यांना कोणी विचारले नव्हते. फोटो काढून टाकले म्हणतात. कुठून काढले आणि कुठे राहिले, कोण सांगणार? त्या दिवसापासून बायको लग्नघरात फोन दिसला की दुपट्टा पुढे ओढते आणि उठून दुसऱ्या खोलीत जाते. लोक तिला खडूस म्हणतात.

आणि राईनपाडा. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले हे गाव, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनाफोनी फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. ते मेसेज आमच्या पूर्णेतही आले होते. आमच्या गल्लीतल्या भल्या, नमाजी माणसांनी ते पुढे पाठवले होते, मुलांच्या काळजीपोटी. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायचे ठरवले. सूरह हुजुरातमध्ये ऐकीव बातमीची आधी शहानिशा करण्याचा हुकूम आहे, हे जुम्याच्या बयानात कितीदा ऐकले असेल. पण बयान ऐकायला वेळ लागतो आणि अंगठा दाबायला लागत नाही.

इतके सगळे असूनही, खरे सांगायचे तर, आमच्या नकारात थोडी मिजासही होती. "आमच्याकडे नाही बुवा ते" असे सांगताना बरे वाटायचे. त्या मिजासीचे बिल इतर जण भरत होते, हे आम्हाला दिसत नव्हते. बँकेचा ओटीपी आला की शेजारच्या मुलाला हाक. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, तर पुन्हा तोच मुलगा, त्याच्या फोनपुढे आम्ही डोळे मिचकावत उभे. हजचा इरादा आहे, इन्शाअल्लाह. तर त्याचा अर्ज ऑनलाईन, आणि 2024 पासून हाजींसाठी 'हज सुविधा' नावाचे अ‍ॅपही आले आहे. जावई म्हणाला, "अब्बा, मीनामध्ये हरवलात तर बटणाचा फोन काय कामाचा?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

फोन हवा की नको, हा प्रश्नच आम्ही चुकीचा विचारत होतो, असे आता वाटते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे, तीनेक हजार वस्तीचे. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर आली आणि शाळा उघडल्यावरही फोन मुलांच्या हातातून सुटेना. तेव्हा 15 ऑगस्ट 2022 पासून गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघर मोबाईल आणि टीव्ही बंद. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून समजावत होते. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्शी ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. आम्हाला वडगावचे जास्त पटले. बंदी मुलांवर आणि आईबाप मोकळे, हे चालत नाही. वडगावात भोंगा सगळ्यांसाठी वाजतो.

आमच्या घरी भोंगा लागत नाही, अजान होते. मगरिबपासून इशापर्यंत घरातले सगळे फोन फ्रिजवरच्या टोपलीत जातात. सून आधी नाखूश होती, तिचे माहेर त्याच वेळी फोन करते. आता माहेरच्यांनी वेळ बदलली. मुलगा मात्र अजून "एकच मिनिट" म्हणून टोपलीपाशी जातो आणि उभ्या उभ्या दहा मिनिटे घालवतो.

कपाटातला फोनही बाहेर काढला आहे. त्यात खानदानाचा एकच ग्रुप आहे आणि तो सकाळी एकदा, नातीला जवळ बसवून, बघायचा असे ठरले. पुढे काहीही पाठवायचे नाही.

पण हिंगोलीची चूक आमच्या एकट्यांची नव्हती, हेही आम्ही चाळिसाव्याला सगळ्यांसमोर बोललो. मौतीची खबर ग्रुपवर टाकली की सांगून झाले, असे मानू नका. कोणी वाचले, कोणी नाही, घरच्यांना त्या घडीला कुठे बघवते? थोडा वाद झाला. एक भाचा म्हणाला की दीडशे माणसांना फोन कोण करत बसणार. मग खालाजानच्या मुलानेच उठून कपाटातून जुनी वही आणली. प्रत्येक घराने आपल्या पाच-पाच घरांना आवाजाने सांगायचे, आणि ज्याला सांगितले त्याच्या नावापुढे खूण करायची, असे ठरले. कॉल बुकासारखेच की, आम्ही म्हणालो. ते कोणाला कळले नाही.

आमच्या वाट्याला बसमत, जिंतूर, नांदेड, परभणी आणि गंगाखेडची घरे आली आहेत. नंबर नातीने मोठ्या अक्षरात लिहून दिले आणि पान दाराच्या मागे खिळ्याला टांगले आहे. गंगाखेडच्या फुफींना आम्ही काल नुसताच फोन करून पाहिला. घाबरून त्यांनी आधी विचारले, "कौन गया?" कोणी नाही, म्हटले, खैरियत विचारायला केला. मग त्या पाऊण तास बोलल्या.