घरी जुळवावयाचा विजेचा सूर

घरात बाजाची पेटी आहे आणि घरच्या मुलाने एकदाही तिचे झाकण उघडून आत डोकावलेले नाही, असे सहसा घडत नाही. भाता कोठे आहे, पट्टी दाबली की वारा कोणत्या वाटेने जातो, रीड कशी थरथरते, हे सारे तेथे डोळ्यांना दिसते. विजेच्या वाद्यांचे तसे नाही. बाजारातील कीबोर्ड शेकडो आवाज काढतो खरा. परंतु ते कोणी व कसे घडविले याचा थांगपत्ता वाजविणाऱ्यास लागत नाही. म्हणूनच जपानच्या कोर्ग कंपनीने १९७८ साली काढलेले एक वाद्य सुमारे तीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अवतरले, आणि तेही सुट्या भागांच्या रूपाने, तेव्हा देशोदेशींच्या हौशी मंडळींना झालेला आनंद समजण्यासारखा आहे.

या वाद्याचे नाव एमएस-२०. ते अ‍ॅनालॉग जातीचे सिंथेसायझर होय. त्यात कोणताही आवाज आधी साठवून ठेवलेला नसतो. दोन आंदोलक विजेच्या लहरी निर्माण करतात. लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते यावर सुराची उंची ठरते. प्रारंभी हा नाद भरड व कर्कश असतो. पुढे त्याला दोन गाळण्या लागतात. एक नादाचा खालचा भाग अडविते, दुसरी वरचा. गृहिणी चाळणी बदलून पीठ, रवा आणि कोंडा वेगळा करते, तद्वतच येथे एकाच लहरीतून बासरीसारखा मऊ किंवा सनईसारखा धारदार नाद निवडून काढता येतो. पट्ट्या ३७, म्हणजे तीन सप्तके. आणि गळ्याप्रमाणेच एका वेळी सूर एकच. उजव्या अंगाला छिद्रांची एक फळी असून तारा खोचून कोणता भाग कोणास जोडावयाचा हे आपण ठरवावयाचे असते.

२०१३ साली कंपनीने मूळ आकाराच्या ८६ टक्के एवढी लहान, तयार आवृत्ती काढली. पुढच्या वर्षी मूळ आकाराचा संच मर्यादित संख्येत आला, आणि त्यामागोमाग पट्ट्या नसलेला, मेजाच्या कोपऱ्यात मावणारा आटोपशीर संच. या संचांना डाख लावावा लागत नाही. विद्युत्-मंडलांच्या पाट्या कारखान्यातूनच तयार होऊन येतात. घरी करावयाचे ते पेच व नट बसविण्याचे, तारा जोडण्याचे आणि वरची बटणे लावण्याचे काम. मग यात स्वहस्ते बांधल्याचे समाधान ते कोणते, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि कोणती पाटी कोणाला जोडली हे ज्याने एकदा हाताने अनुभवले, त्याला ते यंत्र पुन्हा कधी परके वाटत नाही. मूळ वाद्याच्या पहिल्या आणि नंतरच्या काळातील गाळण्या वेगळ्या होत्या. पहिली अधिक रांगडी, दुसरी सौम्य. संचात दोन्ही दिल्या होत्या. कोणती चांगली यावर जाणकारांत अद्याप वाद आहे, आणि तो मिटू नये अशीच उभय पक्षांची इच्छा दिसते!

भिलाईलगतच्या बोरसीसारख्या वस्तीतील वाचकांना हातकामाची महती सांगावयास नको. १९५९ साली जेथे पहिली झोतभट्टी पेटली आणि पोलादावर ज्या गावाचा संसार उभा राहिला, तेथील मुलांना पेचकसाचे भय वाटण्याचे कारण नाही. पण त्याच घरातील मुलगी शास्त्रोक्त गाणे शिकत असेल, तर तिच्या गुरुजींचा प्रश्न वेगळा असेल: या यंत्राचा आपल्या संगीताला उपयोग काय?

हा प्रश्न जुना आहे. मराठी रंगभूमीने पायपेटीला जिव्हाळ्याने जवळ केले, गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनी पेटीला मानाचे स्थान मिळवून दिले. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. बंदी अतिरेकी होती, हे मान्य. परंतु आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे सूर पायऱ्यांसारखे ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला साधत नाही. विजेच्या लहरीला मात्र अशा पायऱ्या नाहीत. विद्युतदाब हळूहळू वाढविला की सूर अखंड चढत जातो.

हे मर्म मुंबईच्या एका वादकाने फार आधी ओळखले होते. चित्रपटसंगीतात गिटार वाजविणारे चरणजित सिंग यांनी सिंगापूरहून रोलंड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे आणली. पैकी पहिले खर्जाच्या साथीसाठी बनविलेले. ते बाजारात फारसे चालले नाही, व १९८४ साली बंदही पडले. परंतु त्यात सूर घसरत नेण्याची सोय होती. सिंग यांनी तिचा उपयोग करून भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची ध्वनिमुद्रिका १९८२ साली काढली. ती कोणी फारशी विकत घेतली नाही. पाच वर्षांनंतर शिकागोच्या तरुणांनी त्याच टीबी-३०३ मधून एक नवाच नृत्यसंगीतप्रकार जन्मास घातला. आणि २०१० मध्ये एका डच संग्राहकाने सिंग यांची मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. १९४० साली जन्मलेल्या या वादकाला हा मान सत्तरीत मिळाला. २०१५ साली ते निवर्तले.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ सालीच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारून दिला होता. तेथील ध्वनिफिती लोकांपुढे यावयास मात्र २०२३ साल उजाडले.

एमएस-२० मध्ये गाणाऱ्या मुलीसाठी आणखी एक सोय आहे. मायक्रोफोन जोडून गायिले असता यंत्र तिच्या सुराची उंची ओळखते, तिचे विद्युतदाबात रूपांतर करते आणि आपला सूर तिच्या मागोमाग नेते. साथीदार म्हणून ते अजून अडाणीच. तानपुरा सोबत झंकारत असेल तर गोंधळते, श्वासाच्या आवाजानेही बिचकते. पण एकट्या, स्वच्छ आकारामागे ते ज्या रीतीने धावते, ती ऐकण्याजोगी गोष्ट आहे.

खर्चाचे म्हणाल, तर हा संच मध्यम कुटुंबास जड जाणारा आहे. तेव्हा एक स्वस्त वाट सांगतो. याच कंपनीने २०१० साली मोनोट्रॉन नावाचे तळहातावर मावणारे वाद्य काढले. त्यात एमएस-२० चीच गाळणी असून ते दोन छोट्या बॅटऱ्यांवर चालते. त्याला पट्ट्या नाहीत. एका चपट्या फितीवर बोट सरकवावयाचे असते, म्हणजे मींड आपोआपच आली. कंपनीने त्याच्या मंडलाचा आराखडाही प्रसिद्ध केला, आणि हौशी मंडळींनी त्यात आपापल्या परीने फेरफार केले. विज्ञानाची आवड असलेल्या मुलास वाढदिवशी देण्यासाठी कीबोर्डपेक्षा ही वस्तू मला अधिक मोलाची वाटते.

एक सूचना मात्र ध्यानी असू द्यावी. या यंत्रांना स्मरणशक्ती नाही. आज घडविलेला आवाज बटणे फिरविताच नाहीसा होतो. तो पुन्हा हवा असेल तर प्रत्येक बटणाची जागा व प्रत्येक तारेची वाट वहीत लिहून ठेवावी लागते. हल्ली मोबाइलवर छायाचित्र काढले जाते, पण लिहिताना काय केले हे समजतही जाते. आणि इतके करूनही अ‍ॅनालॉग आंदोलक उष्णतेने थोडा सरकतोच. वैशाखात बोरसीत दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. त्या वेळी लावलेला षड्ज रात्री पुन्हा लावून घ्यावा लागेल. तानपुरा असलेल्या घरांना ही सवय आहेच.