चोवीस भागाकारांऐवजी एकच!

८१९१ ही मूळ संख्या आहे का? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले २, ३, ५, ७ अशी एकेका मूळ संख्येने भागायला लागतात. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ विभाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. ८१९१ चे वर्गमूळ ९० हून किंचित जास्त आहे. म्हणून ९० पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरते. त्या आहेत २४. एवढे भागाकार करायलाच हवेत का?

जरा थांबून संख्येकडे पाहू. ८१९१ म्हणजे २ च्या १३ व्या घातातून १ वजा. समजा, 'क' या मूळ संख्येने तिला निःशेष भाग जातो. म्हणजे २ च्या १३ व्या घाताला 'क' ने भागल्यास बाकी १ उरते. २ चे घात वाढवत नेले, तर 'क' ने भागून मिळणाऱ्या बाक्या चक्राकार फिरतात. बाकी १ दर १३ पायऱ्यांनीच परत येते, कारण चक्राची लांबी १३ ची विभाजक असली पाहिजे. १३ मूळ आहे आणि लांबी १ असणे शक्य नाही. फर्माच्या प्रमेयानुसार (क – १) व्या घातालाही बाकी १ च असते. म्हणून क – १ ही १३ च्या पटीत हवी. 'क' विषम असल्याने ती २६ च्याही पटीत हवी. झाली पहिली चाळणी! ९० च्या आत उरल्या २७, ५३ आणि ७९. त्यांपैकी २७ मूळ नाही.

आता दुसरी चाळणी. २ च्या १४ व्या घाताला 'क' ने भागल्यास बाकी २ उरेल. पण तो घात म्हणजे १२८ चा वर्ग. एखाद्या वर्गाला विषम मूळ संख्येने भागून बाकी २ उरायची, तर ती मूळ संख्या ८ च्या पटीहून १ ने कमी किंवा जास्त असावी लागते. (हा नियम येथे सिद्धतेशिवाय घेऊ.) ५३ गळली. उरली ७९. ७९ × १०३ = ८१३७, बाकी ५४. एका भागाकारात काम झाले. ८१९१ मूळ आहे!

ऑयलरने १७७२ मध्ये याच वाटेने २ च्या ३१ व्या घाताहून १ ने कमी असलेली २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे दाखवले. त्याची दृष्टी तोवर जवळजवळ गेलेली होती. येथे ४६,३४० पर्यंत ४,७०० हून अधिक मूळ संख्या आहेत. दोन्ही चाळण्या लावल्यावर २४८ च्या पटीहून १ ने किंवा ६३ ने जास्त असलेल्याच उरतात, म्हणजे ऐंशीच्या आसपास.

मात्र घातांक मूळ असला की उत्तर मूळच येते, असे नाही. मुलांना २०४७ (११ वा घात वजा १) देऊन पाहा. पहिलाच उमेदवार, २३, तिला निःशेष भागतो. मग १,३१,०७१ (१७ वा घात वजा १) द्या. तेथे तीन भागाकार पुरतात. कोणते तीन, हे मात्र मुलांनाच शोधू द्यावे.