संगणकाला वेळ सांगून ठेवा

रात्री झोपताना संगणक तसाच चालू ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. दोन-तीन फाइली उघड्या असतात, एखादं पत्र अर्धवट टाइप झालेलं असतं. सकाळी चहाचा कप घेऊन पुन्हा बसावं, तर पडदा असा स्वच्छ, की काल इथं कुणी बसलंच नव्हतं. वीज गेलेली नसते, घरातल्या कुणी बटणाला हात लावलेला नसतो. संगणकानं आपण होऊन स्वतःला बंद केलेलं असतं आणि आपण होऊन सुरूही केलेलं असतं. त्याला म्हणायचं ‘रीस्टार्ट’. बहुतेक वेळा त्यामागं ‘अपडेट’, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती असते.

कविता लिहिणाऱ्याचं यात फारसं जात नाही. चार ओळी गेल्या तर त्या आठवून पुन्हा लिहिता येतात; पहिल्यासारख्या उतरत नाहीत, हा भाग वेगळा. पण लग्नाचं व्हिडिओ शूटिंग जोडून रात्रभर रेंडरिंगला लावणारा, दिवाळी अंकाची पानं लावत रात्री जागणारा डीटीपीवाला, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात अडकलेली विद्यार्थिनी, यांचं मात्र खरंच नुकसान होतं. आठ तासांचं रेंडरिंग पहाटे चार वाजता तुटलं, तर ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं आणि नवरीच्या घरचे तर सकाळी दहाला दारात येणार असतात.

मग हा संगणक मध्येच बंद होतो तरी का? एखादी जुनी सरकारी कचेरी डोळ्यांसमोर आणा. कारकुनाच्या हातात नोंदवही उघडी आहे आणि तो त्यात लिहितो आहे. त्या वहीची चुकीची पानं बदलून नवी वही द्यायची आहे. पण त्याच्या हातातून ती ओढून घेता येत नाही. म्हणून शिपायाच्या नावानं एक चिठ्ठी लिहून ठेवतात : उद्या कचेरी उघडण्यापूर्वी, टेबलावर कुणी नसताना, ही वही उचल आणि तिथं नवी ठेव. विंडोजचं अगदी असंच चालतं. जी फाइल वापरात आहे ती बहुधा बदलता येत नाही. तेव्हा बदलाची नोंद करून ठेवली जाते आणि संगणक पुन्हा सुरू होताना, बाकीची कामं जागी होण्याआधी, अदलाबदल उरकली जाते. तोपर्यंत नवी वही कपाटात आणि चुकीची वापरात, अशी अवस्था असते. लिनक्समध्ये कारकुनाच्या हातात जुनी वही राहू देऊन नवी फडताळात ठेवता येते. त्यामुळे तिथं रीस्टार्टची गरज कमी पडते. पण तो कारकून जागेवरून उठेपर्यंत जुनीच वही वापरत बसतो, आणि मुळातला गाभा बदलायचा असेल तर तिथंही बहुधा रीस्टार्ट करावंच लागतं.

या दुरुस्त्यांचा वारही ठरलेला आहे. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपला बुधवार उजाडतो तो दुरुस्त्या घेऊनच. एकादशी लक्षात ठेवणाऱ्या समाजाला महिन्यातला हा एक बुधवार लक्षात ठेवणं जड जाऊ नये.

साऱ्या जगातले संगणक थोड्याच वेळात बंद होऊन सुरू झाले तर काय होतं, हे ऑगस्ट २००७ मध्ये दिसलं. दूरदेशी गेलेल्या मुलांशी आईवडील ज्यावरून बोलायचे ते स्काइप सुमारे दोन दिवस कोलमडलं. मंगळवारच्या दुरुस्त्यांनंतर असंख्य संगणक पाठोपाठ पुन्हा सुरू झाले आणि सगळ्यांनी एकदमच स्काइपचं दार ठोठावलं. त्या गर्दीत स्काइपच्याच रचनेतला एक जुना दोष उघडा पडला. दोष आपल्याच सॉफ्टवेअरचा होता, हे कंपनीनं मान्य केलं. ते स्काइप २०२५ च्या मे महिन्यात बंद झालं.

त्रासलेला माणूस दुरुस्तीच्या दुकानात गेला, की तिथला पोरगा हसून म्हणतो, ‘‘काका, अपडेटच बंद करून टाकू का?’’ दोन मिनिटांचं काम असतं. माझं मत विचाराल तर त्याला नको म्हणा. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारी दुरुस्ती दिली. जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून जगभर शिरला. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती त्यांच्या फाइलींना कुलूप लागलं. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला. त्यानं इतर युक्त्यांबरोबर याच भगदाडाचा उपयोग केला आणि आपल्या नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. गंमत अशी, की या दुसऱ्यानं युक्रेनमध्ये पहिलं पाऊल टाकलं ते हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! तेव्हा अपडेट म्हणजे अमृत, असंही मी म्हणणार नाही. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरचे लाखो संगणक आडवे केले होते आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहिले गेले. त्यामुळे चार-आठ दिवस दुरुस्ती थांबवली तर ते समजण्यासारखं आहे. कायमची थांबवणं निराळं.

भांडण दुरुस्तीशी नाही, तिच्या वेळेशी आहे. विंडोज एक्सपीच्या काळात ‘रीस्टार्ट लेटर’ म्हटलं की दहा मिनिटांनी तीच चौकट पुन्हा हजर व्हायची. वसुलीला आलेला माणूस बरा, तो निदान उद्या येतो म्हणून जातो. पुढं ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये ‘अॅक्टिव्ह अवर्स’ ही सोय आली. या तासांत मी कामावर असतो, तेव्हा मला न विचारता रीस्टार्ट होऊ नकोस, असं संगणकाला बजावून ठेवायची ही मुभा. सुरुवातीला ती जास्तीत जास्त बारा तासांची होती, २०१७ मध्ये अठरा तासांची झाली. पण आपण काहीच सांगितलं नाही, तर संगणकानं धरलेला कामाचा दिवस होता सकाळी आठ ते संध्याकाळी पाच! जगात सगळी माणसं कचेरीतच जातात, असा त्याचा समज असावा. नंतरच्या विंडोजमध्ये तो आपल्या सवयी पाहून स्वतः अंदाज बांधू लागला. तरी ज्याचा दिवस आज दुपारी आणि उद्या मध्यरात्री सुरू होतो, त्यानं या अंदाजावर विसंबू नये.

विंडोज ११ मध्ये ही वेळ बदलायची तर सेटिंग्ज उघडा. डावीकडच्या यादीत तळाशी विंडोज अपडेट आहे. त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्यात अॅक्टिव्ह अवर्स. तिथं ‘ऑटोमॅटिकली’च्या जागी ‘मॅन्युअली’ निवडून आपली वेळ भरा. मध्यरात्र ओलांडली तरी चालते. रात्री जागणाऱ्यानं दुपारी बारा ते पहाटे सहा असे पूर्ण अठरा तास भरावेत. संगणकाला सकाळचे सहा तास मोकळे राहतात. त्याच पानावर दोन कळी आणखी आहेत. रीस्टार्टची गरज पडली की मला कळव, ही चालू ठेवा. ‘गेट मी अप टू डेट’ ही मात्र बंद असू द्या. ती चालू असली तर कामाच्या तासांतही रीस्टार्ट होऊ शकतं.

ठरावीक तासांत न मावणारं काम असेल, दोन रात्रींचं रेंडरिंग किंवा परीक्षेचा आठवडा, तर विंडोज अपडेटच्या पहिल्याच पानावर ‘पॉज’ आहे. एका आठवड्यापासून काही आठवड्यांपर्यंत सगळं थांबवता येतं. एक बारकावा ध्यानात ठेवा : आधीच उतरून रीस्टार्टची वाट पाहत बसलेली दुरुस्ती असेल, तर पॉजच्या भरवशावर न राहता काम सुरू करण्यापूर्वीच एकदा स्वतः रीस्टार्ट करून मोकळे व्हा. विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती असणाऱ्या कार्यालयांत ‘ग्रूप पॉलिसी’तून याहून बारीक नियम घालता येतात, घरगुती ‘होम’ आवृत्तीत तो कारखाना नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ते कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावं. मग बहुतेक दुरुस्त्या विचारल्याशिवाय उतरत नाहीत आणि डेटाही वाचतो.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांचा संगणक हल्ली फार शांत वाटत असेल. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव मुदतीसाठी ज्यांनी नाव नोंदवलं नाही त्यांच्याकडे आता महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या येतच नाहीत, म्हणून ही शांतता आहे.

राहिला तो बुधवार. संध्याकाळी काम आटोपलं, फाइली सेव्ह झाल्या, की बंद करण्याच्या बटणाखाली ‘अपडेट अँड शट डाऊन’ दिसतं का ते पाहा आणि दिसलं तर तेच दाबा. आणि दाबण्यापूर्वी आपल्या भागातल्या लोडशेडिंगची वेळ आठवा. ‘संगणक बंद करू नका’ अशी अक्षरं आणि फिरतं चक्र दिसत असताना वीज गेली, तर दुरुस्ती अर्धवट राहून संगणक सुरू होणंच अवघड होऊ शकतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. टेबलावरचा संगणक असेल तर त्याच्या यूपीएसची बॅटरी अजून दहा मिनिटं तग धरते का, हे एकदा, काहीही उघडं नसताना, भिंतीवरचा स्विच बंद करून बघून घ्या.