रुग्णालयाचे बिल आणि आयुष्यभराची पुंजी

घरातील ज्येष्ठ व्यक्ती आजारातून उठते, घरी परतण्याचा दिवस ठरतो आणि काही लाखांचे बिल हाती पडते. अशा वेळी मन हळवे झालेले असते. मिळेल तिथून पैसे उभे करून मोकळे व्हावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही थोडे थांबा. आधी रक्कम तपासावी, मग हक्काची मदत मागावी, त्यानंतर स्वतःचा पैसा वापरावा आणि महागड्या कर्जाचा विचार अगदी शेवटी करावा. हा क्रम पाळला, तर म्हातारपणाची पुंजी पुष्कळ अंशी वाचते.

बिलाचा बाबनिहाय तपशील मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात संकोच नको. परत केलेल्या औषधांचे पैसे वजा झाले का, एकाच तपासणीची आकारणी दोनदा झाली का, हे शांतपणे पाहावे. विमा कंपनीने काही रक्कम नाकारली असेल, तर तिचे कारण लेखी घ्यावे.

मदतीची दारे मात्र रुग्ण दाखल होतानाच ठोठवावी लागतात. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षे व त्यापुढील ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. ते योजनेतील रुग्णालयांतच मिळते. म्हणून कार्ड आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवावे आणि जवळची अशी रुग्णालये माहीत करून घ्यावीत. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीने द्याव्या लागतात. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील समाजसेवकाला भेटावे. दाद न मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

उरलेल्या रकमेसाठी प्रथम बचत खात्यातील शिल्लक वापरावी. मुदत ठेव लवकरच पूर्ण होणार असेल, तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेणे बहुधा सोयीचे ठरते. त्याचा दर ठेवीच्या व्याजापेक्षा साधारणतः एक-दोन टक्केच अधिक असतो. पण मुदत लांब असेल आणि कर्ज फेडण्याइतकी मिळकत नसेल, तर दंड सोसूनही ठेव मोडणे बरे. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र शक्यतो टाळावी. तीन लाखांवर महिना 3 टक्के दराने एका महिन्याचे व्याज 9,000 रुपये होते. वार्षिक 9 टक्के दराच्या ठेवीवरील कर्जाला तेच 2,250 रुपये पडते. रुग्णालयाकडे हप्त्यांची सवलत मागण्यातही कमीपणा नाही. ती मिळाली, तर अटी लिहून घ्याव्यात.

ज्या ठेवीच्या व्याजावर महिन्याचा घरखर्च चालतो, तिला शेवटी हात लावावा. घरी आल्यावर औषधे, पथ्य आणि पुढच्या तपासण्या त्याच पैशांतून होणार असतात.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हा निर्णय आईवडिलांच्या पाठीमागे घेऊ नये. पैसा त्यांच्या कष्टाचा आहे आणि हिशेब जाणण्याचा मानही त्यांचाच. ज्येष्ठांनीही ठेवपावत्या, विम्याची कागदपत्रे आणि वारसनोंदी कुठे आहेत, हे विश्वासाच्या माणसाला प्रकृती ठीक असतानाच सांगून ठेवावे.