आबांची बैठक

रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी घरातील ज्येष्ठांचे काम साठीनंतरही संपत नाही. तूर निवडणे, पोथी वाचणे, सोयाबीनच्या विक्रीचा हिशेब वहीत उतरवणे चालूच असते. मग एके दिवशी वही मिटते आणि घरातले म्हणतात, ‘आबांना आता दिसत नाही.’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आबा बसतात कुठे, ते आपण एकदा पाहावे.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली आकुंचते, नेत्रभिंग पिवळसर होते. विशीच्या मानाने साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. ज्या माजघरात नातवाला स्वच्छ दिसते, तिथेच आजोबा चाचपडतात. म्हणून त्यांची बैठक सकाळी ओसरीवर आणावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास उजेड डावीकडून मिळावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. थेट उन्हासमोर मात्र बसवू नये, डोळे दिपतात. नजर एकाएकी अंधुक झाली किंवा डोळा दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

खुर्चीला हात असावेत आणि तळवे जमिनीला टेकावेत. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. ती भिंतीला लावून ठेवावी. अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या घालाव्यात. वैशाखातल्या दुपारी काम नकोच.

झाडलोट करताना त्यांची वही, चष्मा जागचा हलवू नये. घरातली निम्मी चिडचिड, माझ्या मते, तिथूनच सुरू होते.