बुद्धी रक्तात लिहिलेली असते का?

जर्मनीत १७७० साली जन्मलेला बेथोवेन हा जगातला फार मोठा संगीतकार. १८२७ साली तो वारला. लोकांनी आठवण म्हणून जपलेल्या त्याच्या केसांच्या बटांतून शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनए, म्हणजे आईवडिलांकडून आलेला शरीराचा आराखडा, वाचला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला.

२०२४ साली संशोधकांनी त्यातून ताल धरण्याच्या क्षमतेचे गुण काढले. अशा क्षमतेशी डीएनएमधले अनेक बारीक फरक जोडलेले असतात. त्यांची बेरीज म्हणजे हे गुण. बेथोवेनचे गुण कमी निघाले! शंभर जणांत साधारण नव्वद जण त्याच्या पुढे.

मग डीएनए खोटा का? नाही. ही बेरीज मोठ्या समूहाबद्दल थोडंफार सांगते, एका माणसाचं भविष्य नाही. बेथोवेनला वडिलांनी लहानपणापासून संगीत शिकवलं, त्याने वर्षानुवर्षं मेहनत केली. ते या बेरजेत कुठून येणार?

म्हणून "हिच्या रक्तातच शिक्षण नाही" म्हणत कुणी लेकीची शाळा सोडवत असेल, तर बायांनो, त्यांना ही गोष्ट सांगा. बेथोवेनचंही रक्तावरून ठरलं नाही, आपल्या पोरीचं कसं ठरेल?