‘हाय’ म्हणा हाय-टीला!

कटिंगच्या शहरात दुपारी चार वाजता पांढऱ्या टेबलक्लॉथवर चहा घ्यायचा म्हणजे निव्वळ चैन? असेलही. पण पंचतारांकित हॉटेलात शिरण्याचा सगळ्यात सोपा रस्ता हाच आहे. आणि तो आपल्यालाही मोकळा आहे, बरं का!

दुपारचे चार. लंचचा डबा कधीच जिरलाय, घरी जायला अजून तीन तास आहेत. पॅन्ट्रीतल्या मशीनचं बटण दाबलं की कागदी कपात जे काही पडतं, त्याला आपण चहा म्हणतो. एका हातात तो कप, दुसऱ्या हातात मोबाइल, नजर स्क्रीनवर. तीन मिनिटांत कप डस्टबिनमध्ये. झाला टी-ब्रेक! ऑफिसखालच्या टपरीवर गेलात तर चहा फक्कड मिळतो, पण तो उभ्यानं. अमृततुल्यमध्ये बाकडं असतं, पण आपला कप कधी रिकामा होतोय याकडे कुणाचं तरी लक्ष असतंच. थोडक्यात, आपल्या आयुष्यात चहा भरपूर आहे. नाहीये ते बसणं.

मोठ्या हॉटेलांतल्या दुपारच्या चहाचा फंडा नेमका हाच आहे. तिथे बिल चहाचं येतं, पण आपण विकत घेतो ते निवांत दोन तास. नाश्ता करून मीटिंगला पळायचं असतं, लंचला घड्याळ असतं, डिनरला मागच्या पाहुण्यांचं बुकिंग असतं. दुपारचा चहा हा एकच प्रकार असा, की ज्यात घाई करणं हेच बॅड मॅनर्स!

हाय की लो?

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडच्या हॉटेलांत याला सर्रास ‘हाय-टी’ म्हणतात. ‘हाय’ म्हणजे हाय सोसायटीचा, असं आपण गृहीत धरतो. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये हाय-टी हे कामगारांचं जेवण होतं. कारखान्यातून, खाणीतून दमूनभागून आलेला माणूस संध्याकाळी उंच जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि मांस, ब्रेड, चीज असं भरपेट खायचा. सोबत चहाची किटली. टेबल उंच, म्हणून ‘हाय’.

तीन मजली स्टँड, बोटभर सँडविचेस, नाजूक कप... हा थाट ‘आफ्टरनून टी’चा. दिवाणखान्यातल्या बुटक्या टेबलांवर मांडला जाणारा. याचं श्रेय दिलं जातं बेडफर्डच्या सातव्या डचेसला, ॲनाबाईंना. काळ १८४०च्या आसपासचा. उमरावांच्या घरी दुपारचं खाणं हलकं आणि रात्रीचं जेवण आठला, साडेआठला. मधल्या वेळात बाईंच्या पोटात कावळे ओरडायचे. मग त्यांनी खोलीतच चहा आणि लोणी लावलेला ब्रेड मागवायला सुरुवात केली, पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागल्या. आपल्या आज्यांनी याला सरळ ‘मधल्या वेळचं खाणं’ म्हटलं असतं आणि पातळ पोह्यांचा चिवडा पुढे केला असता!

तेव्हा आपण जिला हाय-टी म्हणतो, ती खरं तर लो-टी. पण मेन्यूकार्डाशी कशाला भांडा? स्टुअर्टला विचारायचं ते ‘हाय-टी आहे का?’ असंच.

खिडकीजवळचं टेबल

मुंबईत या चहाचं माहेर म्हणजे ताजचं सी लाऊंज. अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलात, पहिल्या मजल्यावर. खिडकीबाहेर गेटवे ऑफ इंडिया आणि पलीकडे डुलणाऱ्या बोटी. हॉटेल सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी आणि गेटवेचं उद्‌घाटन झालं डिसेंबर १९२४ मध्ये. म्हणजे एकवीस वर्षं इथल्या पाहुण्यांना समोर गेटवे दिसतच नव्हता. आणखी एक गंमत, ज्याच्या चहाचं जगभर नाव आहे ते लंडनचं रिट्झ हॉटेल उघडलं १९०६ मध्ये. वयाच्या हिशेबानं आपलं ताजच थोरलं!

सी लाऊंजची खरी ख्याती मात्र वेगळीच. मुंबईतल्या कित्येक बड्या घरांचे ‘मुलगी बघण्याचे’ कार्यक्रम इथे झालेत. आपल्याकडे कांदेपोहे, त्यांच्याकडे सँडविच, बाकी सगळं सेम टू सेम. दोन्हीकडचे आईवडील एका टेबलावर हवापाण्याच्या गप्पा मारणार आणि ‘त्या दोघांना जरा बोलू दे’ म्हणत खिडकीजवळचं टेबल त्यांना देणार. आज मुलं-मुली ॲपवर भेटतात, पण आईवडिलांना भेटवायची वेळ आली की जागा हीच सुचते. कारण सोपं आहे. जेवायला बोलावलं तर ते फारच गंभीर होतं आणि कॉफी शॉप फारच हलकं. चहा बरोब्बर मधला. पटलं तर दुसरा पॉट मागवता येतो, नाही पटलं तर तासाभरात उठता येतं आणि कुणाचाच अपमान होत नाही.

बुफेवर नजर टाकलीत तर लक्षात येतं, की हा चहा कधीच अस्सल मुंबईकर झालाय. काकडीच्या सँडविचशेजारी शेवपुरी, स्कोन्सच्या शेजारी भेळ. डचेसबाई आल्या असत्या तर त्यांनीही ‘भैया, तिखा कम’ म्हटलं असतं!

नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यात या जुन्या इमारतीचं अतोनात नुकसान झालं. ती पुन्हा उघडली १५ ऑगस्ट २०१० रोजी. त्यामुळे खिडकीजवळच्या त्या शांत टेबलांवर बसून कपात साखर ढवळणं ही तेवढी साधी गोष्ट राहिलेली नाही.

काचेचं दार

इथे मला आईबद्दल सांगायलाच हवं. तिनं एकतीस वर्षं फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरी केली. डोंबिवलीहून रोज लोकलनं व्हीटी, तिथून पायी. पाहुणे आले की रविवारी त्यांना गेटवे दाखवायला न्यायचं कामही तिचंच. समुद्राकडे पाठ करून सगळ्यांचे ताजसमोर फोटो निघायचे. आमच्या घरी ते अल्बमभर आहेत. पण आत? ‘आत काय आपलं काम आहे?’ हे वाक्य ती इतक्या सहज म्हणायची, की आम्हा भावंडांना तो नियमच वाटायचा.

परवडत नव्हतं हे तर होतंच. पण पैशांपेक्षा मोठी असते ती त्या दाराची भीती. पागोटेवाला दरवान काय म्हणेल, चप्पल बरी आहे ना, इंग्रजीतून विचारलं तर काय सांगायचं, कुठला काटा आधी उचलायचा... आपल्या आधीच्या अख्ख्या पिढीनं ही भीती पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलेली आहे. आणि खरं सांगू? लठ्ठ पॅकेज घेणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांच्या लॅपटॉप बॅगेतही ती असतेच.

आई रिटायर झाली त्या महिन्यात मी टेबल बुक केलं. तिला फक्त ‘गेटवेला जाऊन येऊ’ एवढंच सांगितलं. दारात बॅग मशीनमधून गेली, दरवानानं हात जोडून नमस्कार केला आणि आईनं त्याला असा काही उलट नमस्कार केला, जणू तो आमच्याच आळीतला. टेबलावर बसल्यावर आम्ही मराठीत कुजबुजतोय हे ऐकून वाढणारा मुलगा इंग्रजी सोडून म्हणाला, ‘आई, चहा ओतू का?’ त्याचं गाव साताऱ्याकडचं निघालं. पुढची दहा मिनिटं मी त्या टेबलावर नव्हतेच!

पण मला लक्षात राहिलंय ते वेगळंच. आमच्या घरी आईचा चहा नेहमी गार असतो. सगळ्यांचे कप भरून, कुणाला बिस्किट, कुणाला डबा देऊन ती स्वतःच्या कपाकडे वळते तेव्हा त्यावर साय धरलेली असते. त्या दिवशी तिच्या कपातून वाफ येत होती आणि ती बसून तो चहा पीत होती. तिला उठायला लागेल असं काहीही त्या खोलीत नव्हतं. ‘चहा ठीक आहे गं,’ ती म्हणाली. ‘पण बसायला छान आहे.’ जाहिरात कंपन्यांना वर्षानुवर्षं जे सुचलं नसतं, ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

हा पाणचट का लागतो?

आता आईच्या त्या ‘ठीक आहे’कडे वळू. घरच्या चहाची सवय असलेल्या माणसाला हॉटेलातला दार्जिलिंग पहिल्या घोटाला हमखास पाणचट वाटतो. त्यात हॉटेलचा दोष नाही, तो चहाच वेगळा. आपण घरी वापरतो ती बहुतेक वेळा सीटीसी पावडर. पानं दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, गोळ्या वळून केलेली. ही पद्धत आसामात १९३०च्या सुमारास निघाली. दूध, साखर, आलं घालून उकळा, ती सगळ्यांना पुरून उरते. हॉटेलच्या पॉटमध्ये असतो तो अख्ख्या पानाचा ‘ऑर्थोडॉक्स’ चहा. त्याला उकळी नको, नुसतं मुरू द्यायचं.

दार्जिलिंगमध्येही प्रकार आहेत. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा ‘फर्स्ट फ्लश’ फिकट आणि फुलांसारख्या वासाचा. मे-जूनचा ‘सेकंड फ्लश’ जरा गडद, पिकलेल्या द्राक्षाची आठवण करून देणारा. या दोन्हींत दूध घातलंत तर पैसे पाण्यात... सॉरी, दुधात! दूध हवंच असेल तर सरळ आसाम मागवा. आणि मसाला चहा हवा असेल तर तोही बेधडक मागा.

मॅनर्सचं म्हणाल, तर तेही वाटतात तेवढे भयंकर नाहीत. तीन मजली स्टँड आला तर खालून वर चढत जायचं. आधी सँडविच, मग स्कोन, शेवटी पेस्ट्री. स्कोन सुरीनं कापण्यापेक्षा हातानं उघडायचा, वर क्रीम आणि जॅम. आधी क्रीम की आधी जॅम? इंग्लंडमध्ये डेव्हनवाले क्रीम आधी लावतात, कॉर्नवॉलवाले जॅम आधी आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात. पुणेकर-मुंबईकरांना हे समजावून सांगायची गरज नसावी. करंगळी उंच धरायचं मात्र काहीएक कारण नाही. आणि बशीतून चहा पिणाऱ्या आजोबांची लाज वाटत असेल तर ऐका. अठराव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्ये लोक बशीत ओतून चहा गार करून प्यायचे. फुर्रर्र आवाज मात्र टाळा, एवढंच!

रिट्झपासून दार्जिलिंगपर्यंत

ऑनसाइट प्रोजेक्टवर लंडनला असाल, तर रिट्झच्या पाम कोर्टमध्ये चहाच्या ठरलेल्या बैठका असतात. जागा बरीच आधी धरावी लागते आणि पुरुषांनी जॅकेट-टाय घालून येणं अपेक्षित असतं. जीन्स आणि स्पोर्ट्‌स शूज घालून गेलात तर प्रवेश नाही. त्या मानानं आपल्याकडे बरीच सूट आहे.

इतकी शिस्त नको असेल, तर चहाच्या मळ्यांपाशीच जा. दार्जिलिंगचं विंडामेअर हे मुळात मळेवाल्यांसाठी चालवलं जाणारं बोर्डिंग हाऊस, १९३९ मध्ये त्याचं हॉटेल झालं. बाहेर धुकं, आत शेकोटी आणि दुपारी चहाची परंपरा अजून चालू. तिथला चहा प्यायलात, की ‘पाणचट’ हा शब्द पुन्हा वापरणार नाही, गॅरंटी!

जाण्याआधी...

• फोन करा. खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर आधीच सांगा. शनिवार-रविवारपेक्षा आठवड्यातला दिवस निवांत. एक हाफ डे टाकाच!

• दर विचारा, करांसकट. बड्या हॉटेलांतल्या खाण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलातला सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. काढून मागायला लाजू नका. आणि सर्व्हिस आवडली तर टिप जरूर ठेवा.

• बुफेची सक्ती नसते. मेन्यूकार्ड मागा. बहुतेक ठिकाणी एक पॉट चहा आणि एखादी डिश घेऊनही बसता येतं. त्यासाठी कुणी तुम्हाला उठवत नाही.

• दुपारी हलकं जेवा. नाहीतर दुसऱ्या सँडविचलाच हात टेकाल. आणि रात्रीचा स्वयंपाक करू नका, भूक लागणार नाही.

• लॅपटॉप ऑफिसात, मोबाइल सायलेंटवर. फोटो एक काढा, दोन काढा. चौदा काढलेत तर तो चहा तुम्हीही गारच पिणार.

• सोबत कोण? बॉसला नेऊ नका, तो लगेच मीटिंग सुरू करेल. ज्यानं ते दार आजवर फक्त बाहेरून पाहिलंय, त्याला न्या. आणि पहिला कप त्याला भरू द्या, गरम असताना.